शेवटच्या प्रकरणातलं भाषण काढून टाक

पत्र

ताई नमस्कार,

मी मूळचा बीड जिल्ह्यातला, धारूर तालुक्यातला. वय 31, सध्या चाकणला एका कंपनीत शिफ्ट सुपरवायझर आहे. आईवडील माझ्या लहानपणापासून ऊसतोडीला जायचे, मी आजीजवळ राहून शिकलो. रात्रपाळी संपली की रूमवर येऊन लिहायचं असं करत करत एक कादंबरी पूर्ण केली, साडेतीनशे पानं झाली. एका प्रकाशकाला पाठवली, तिथल्या संपादकांनी कळवलं की अनुभव जिवंत आहेत पण कादंबरीला निश्चित हेतू दिसत नाही. मित्राला वाचायला दिली, तो म्हणाला रडू आलं पण तू नक्की काय सांगायला निघालास ते कळलं नाही. आमच्या कॉलेजचे एक सर म्हणाले मधेमधे लेख वाचल्यासारखं वाटतं. म्हणजे दोघांना हेतू दिसत नाही आणि एकाला जास्त दिसतो! माझा हेतू तर एकदम क्लिअर आहे, ऊसतोड कामगारांची व्यथा जगापुढे मांडायची. आता असं ठरवलंय की शेवटी एक प्रकरण वाढवायचं, त्यात नायिका शेवंता कारखान्याच्या गेटवर सगळ्यांसमोर उभी राहून बोलते, म्हणजे वाचकाला कळेल. आणि सुरुवातीला दहा पानांचं मनोगत. पहिली तीन प्रकरणं आणि पुढच्या भागाचा सारांश जोडतोय. असं केलं तर चालेल का?

— एक वाचक, चाकण

उत्तर

नमस्कार.

उत्तर आधी देऊन टाकते, नाही चालणार. भाषण काढ आणि मनोगत तर लिहूच नकोस. का ते सांगायला जरा लांबण लावावी लागेल, चहा घेऊन बस.

तुला वाटतंय की तिघांनी तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या. मी तुझी तीन प्रकरणं वाचली, मला तर तिघंही एकच सांगतायत असं वाटलं. कथेत जिथं हेतू उतरत नाही तिथं लिहिणाऱ्याला आतून चुटपूट लागते, आपण एवढं लिहितोय पण म्हणायचंय ते येतच नाहीये, आणि मग तो कथा थांबवून स्वतः बोलायला लागतो. तुझ्या दुसऱ्या प्रकरणात बघ, पहाटे ट्रॅक्टर गावाबाहेर उभाय, ट्रॉलीत भांडी, पत्र्याची पेटी, शेळी, दोन कोंबड्या, आजीच्या कडेवर धाकटा, आई वर चढलीय आणि खाली वाकून त्याला काहीतरी सांगतेय, मी श्वास रोखून वाचतेय की काय सांगतेय, आणि तू लिहितोस की 1972 च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्राकडे होणारं स्थलांतर कसं वाढत गेलं. दीड पान! परत येईपर्यंत ट्रॅक्टर निघून गेलाय आणि आई काय म्हणाली ते राहिलंच. सरांना लेख दिसला तो इथं, आणि मित्राला काय सांगायचंय ते कळलं नाही तेही इथंच, कारण सांगण्यासारखं जे होतं ते आईच्या तोंडात होतं.

आता हेतूकडे येऊ. 'ऊसतोड कामगारांची व्यथा मांडायची' हे तू लिहायला का बसलास त्याचं कारण झालं, आणि ते चांगलं कारण आहे, त्यात कमी काहीच नाही. पण या कारणासाठी माणूस रिपोर्ट लिहू शकतो, डॉक्युमेंटरी काढू शकतो, मोर्चा नेऊ शकतो. कादंबरीच का? हा प्रश्न तुझ्या वाक्यातून सुटत नाही. आणि दुसरी अडचण जास्त प्रॅक्टिकल आहे, या वाक्यात काहीही बसतं. दुष्काळ बसतो, 2019 साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढण्याच्या ऑपरेशनांची बातमी देशभर गाजली आणि सरकारने चौकशी समिती नेमली ते बसतं, 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली ते बसतं, साखरशाळा म्हणजे तोडणीला आलेल्यांच्या मुलांच्या शाळा, बिबट्याने ओढून नेलेलं पोर, कोपीला म्हणजे त्यांच्या झोपडीला लागलेली आग, संप, निवडणूक, सगळं बसतं. सारांशात तू खरंच हे सगळं घातलंयस. कादंबरी सुरू होते तुझ्या लहानपणी आणि दरवाढ येते 2024 मध्ये, मधली वर्षं तू पळवत नेलीयस. मी तर असं बघते, हेतू म्हणून जे वाक्य आपण धरलंय त्याच्यामुळे एखादा चांगला लिहिलेला प्रसंगसुद्धा 'हा इथला नाही' म्हणून काढावा लागतो का? लागत नसेल तर ते वाक्य अजून खूप ढगळ आहे. तुझ्या साडेतीनशे पानांना कुणी अडवणारंच नव्हतं म्हणून ती साडेतीनशे झाली.

शेवटी भाषण टाकायची आयडिया तुझी एकट्याची नाही, फार मोठ्या लोकांनी करून बघितलीय. अमेरिकेत अप्टन सिंक्लेअर नावाचा लेखक होता, पक्का समाजवादी. शिकागोच्या मांसाच्या कारखान्यांत परदेशातून आलेले मजूर कसे पिळले जातात ते लोकांना दिसावं म्हणून त्याने 'द जंगल' लिहिली. आधी 1905 मध्ये एका समाजवादी साप्ताहिकात क्रमशः आली, 1906 मध्ये पुस्तक. लिथुआनियातून आलेलं एक कुटुंब आहे त्यात, एकेक माणूस कसा मोडत जातो ते दाखवलंय आणि शेवटच्या प्रकरणांमध्ये समाजवादावर भाषणंच भाषणं. पुस्तक तुफान गाजलं, पण लोकांच्या डोक्यात काय राहिलं तर सडकं मांस, उंदीर, घाण, जे त्या अख्ख्या कादंबरीत थोडक्याच पानांवर आहे. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेत मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्न-औषधांचा असे दोन कायदे झाले. ज्यांच्यासाठी लिहिलं त्या मजुरांच्या पदरात त्यातून काही पडलं नाही. सिंक्लेअर स्वतःच नंतर म्हणाला की मी नेम धरला होता लोकांच्या काळजावर आणि बसला पोटावर. आता यातून लोक काय काय अर्थ काढतात, मला एक एवढंच दिसतं की भाषणं शेवटी होती, स्पष्ट होती, आणि तरीही वाचकाने ती ओलांडून स्वतःला जे झोंबलं तेच उचललं. तुझ्या शेवंताने गेटवर कितीही पोटतिडकीने बोललं तरी वाचकाच्या मनात राहणार ती ट्रॉलीतली शेळी.

हे मी कुणी कलेसाठी कलावाली म्हणून सांगत नाहीये हां. फडके-खांडेकरांचा तो वाद आपण सगळ्यांनी परीक्षेपुरता पाठ केलाय, कला की जीवन, पाच मार्काला. मला तो वाद लिहिणाऱ्याच्या फारसा कामाचा वाटत नाही. हेतू उघड असायला माझी काहीच हरकत नाही. अण्णाभाऊ साठ्यांच्या 'फकिरा'मध्ये हेतू झाकलेला आहे का? कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलीय, म्हणजे पहिल्याच पानावर उघड. पण पुढं काय होतं, माणसं उपाशी मरतायत, फकिरा धान्य लुटतो, आणि त्याची किंमत मोजतो. लुटायचं की समोर लोकांना मरू द्यायचं, एवढं ठरवण्यात सगळं आलं, लेखकाने वेगळं समजवायची गरजच राहत नाही.

रशियन लेखक चेखवचं एक पत्र आहे, 1888 चं, त्याचा प्रकाशक सुवोरीन याला लिहिलेलं. त्यात त्याचं म्हणणं साधारण असंय की प्रश्न सोडवणं आणि प्रश्न नीट मांडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लेखकाकडून मागायचीच तर दुसरीच मागा. मला हे पटतं, पण 'नीट मांडणं' हे ऐकायला जेवढं सोपं वाटतं तेवढं नाहीये. ऊसतोडीचा प्रश्न काय आहे असं कुणी विचारलं तर तू अर्धा तास बोलशील. कादंबरीत मात्र तो एका माणसापुढे उभा राहिलेला, एका दिवशी, एका घरात, आणि टाळता न येणारा असा लागतो.

हरिभाऊ आपट्यांचं उदाहरण देते कारण आपल्याकडे याहून चांगलं मला सुचत नाही. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी त्यांच्या 'करमणूक' साप्ताहिकातून 1890 पासून क्रमशः येत होती. काळ बघ, 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, मुलीच्या संमतीचं वय 10 वरून 12 केलं, तर त्यावरून पुण्यात केवढा गदारोळ चाललेला. हरिभाऊंना सभांमधलं सगळं कादंबरीत ओतता आलं असतं, लोकांनी वाचलंही असतं. त्यांनी काय केलं, यमूला बोलायला लावलं. लहानपणापासूनचं सगळं ती स्वतःच्या तोंडाने सांगते, घरातलं, सासरचं, मैत्रीण दुर्गीचं. पाल्हाळ आहे, खोटं कशाला बोलू, आणि यमू मधेच वाचकाशी बोलायलाही लागते, आजचा संपादक असता तर शंभर पानं उडवली असती. पण एक गोष्ट बघ. मधे नवऱ्याबरोबर मुंबईत राहण्याचे दिवस येतात, रघुनाथराव तिला शिकवतोय, दोघांचं छान चाललंय, वाचताना आपल्यालाही बरं वाटतं. लेखकाला नुसती विधवेची व्यथाच मांडायची असती तर या सुखाच्या पानांची गरज काय होती? पण ती आहेत म्हणून पुढं रघुनाथराव वारतो आणि सासरचा शंकरमामंजी तिचं जबरदस्तीने केशवपन करवतो तेव्हा काय हिरावलं गेलं ते आपण मोजू शकतो. केस तर जातातच, पण लिहितं-वाचतं झालेलं एक माणूस परत दाबलं जातं. हा हेतू, आणि तो सुखाच्या दिवसांत पेरलाय.

तुझ्या तीन प्रकरणांत सुख जवळपास नाहीच. पहिल्या पानापासून भेगाळलेल्या टाचा, भेगाळलेली जमीन, भेगाळलेलं नशीब. (हा शब्द तीन प्रकरणांत इतक्यांदा आलाय की मी पेन्सिलीने गोल करायचं सोडून दिलं.) फडातले लोक हसत नाहीत का रे? रात्री गाडी भरायची वाट बघत शेकोटीभोवती बसल्यावर काय बोलतात, कुणाची टर उडवतात, मोबाईलवर काय बघतात, वाढे म्हणजे उसाचे शेंडे विकून आलेल्या पैशाचं बाया काय घेतात? ते तुला माहितीय, मला नाही. ते लिही.

आता मुद्द्याचं. तुझ्या सारांशात आठव्या ओळीत एक वाक्य आहे. मी तिथं थांबले आणि परत परत वाचलं. तू लिहिलंयस, 'याच वर्षी थोरलीची शाळा सुटली.' बस. पुढच्या ओळीत संप सुरू. तीन प्रकरणांत ही थोरली किती वेळा दिसते ते मी बघितलं, चूल पेटवताना दिसते, धाकट्याला खेळवताना दिसते, आणि एकदा तिच्या वह्या आजी शेल्फवर ठेवते. बोलत मात्र कुठंच नाही.

तिसऱ्या प्रकरणात उचल घ्यायचा प्रसंग आहे. वडलांच्या कमरेचं दुखणं, ते यंदा येऊ शकत नाहीत, मुकादम, म्हणजे टोळी गोळा करून तोडीला नेणारा, घरी आलाय. आणि तू लिहिलंयस, 'मुकादमाने तिला अर्धा कोयता धरला. या शोषणाधारित व्यवस्थेत स्त्रीच्या श्रमाला किंमतच नव्हती.' झालं, प्रसंग संपला. अरे, तुझ्या हातात काय होतं आणि तू काय केलंस! जे वाचक ऊसपट्ट्यातले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एक तोडतो, दुसरी पाचट काढून मोळ्या बांधते, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवायच्या. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला उचलही तशीच अर्धी. आणि उचल म्हणजे सीझनच्या आधी मिळणारी रक्कम जी मग सगळा हंगाम तोडून फेडायची, खाडा झाला तर तोही त्यातूनच कापणार, आणि नाही फिटली तर पुढच्या वर्षी परत त्याच मुकादमाकडे.

तर आता तो प्रसंग मी फक्त दाखवण्यापुरता मांडते, माझी भाषा तुझ्यासारखी येणार नाही, तू दुरुस्त करशीलच.

मुकादम ओसरीवर बसलाय, बशीतला चहा फुंकतोय. नोटा त्याने अजून खिशातून काढलेल्या नाहीत पण खिसा फुगलेला सगळ्यांना दिसतोय. वडील भिंतीला टेकून, काहीच बोलत नाहीत. आई म्हणते, "म्या येते की एकली." तो म्हणतो, "एकली म्हंजी अर्धा कोयता, वहिनी. उचल बी मंग अर्धीच." आई गप्प. दवाखान्याचे द्यायचेत, बियाण्याच्या दुकानाचे द्यायचेत, अर्ध्यात काहीच भागत नाही हे तिने आधीच हिशेब करून ठेवलंय. मुकादम चहा संपवतो, बशी खाली ठेवतो, आणि चुलीकडे बघतो. तिथं थोरली बसलीय फुंकणी घेऊन. "पोरगी मोळ्या बांधाया लागली की झाला की कोयता पुरा," एवढंच. वाईट माणूस नाहीये तो, गावातलाच आहे, त्याने स्वतः कुणाकडून तरी पैसे उचललेत आणि त्याची टोळी भरली नाही तर त्याचीही मान अडकणार आहे. आई वर बघत नाही. धाकटा, म्हणजे तू, आत पाढे म्हणतोयस.

इथं आई काय करते?

हाच तुझा हेतू आहे, मला तरी असंच दिसतंय. एका लेकराला शाळेत ठेवायचं तर दुसऱ्याला फडात न्यावं लागतंय, आणि निवडायचं आईनेच आहे. ती कशी निवडते, स्वतःला काय सांगते, पोरीला काय सांगते, आणि नंतर वीस वर्षं त्या दोन भावंडांच्या मधे काय उभं राहतं. हे एका ओळीत लिहून भिंतीवर चिकटव. 'व्यथा', 'शोषण', 'वास्तव' असले शब्द त्या ओळीत नकोत, कोण, कुणाला, काय द्यावं लागलं एवढंच.

आता हेच वाक्य हातात धरून तुझी साडेतीनशे पानं परत वाच, बघ काय होतं. 1972 चा दुष्काळ आपोआप गळतो, आजी फार तर एकदा त्याचं नाव घेईल. दरवाढीचा करार गळतो कारण तोवर थोरलीचं जे व्हायचं ते होऊन गेलंय, आणि हवाच असेल तर तिच्या नवऱ्याच्या मोबाईलवर बातमी वाजू दे आणि ती भाकरी थापत राहू दे, दोन ओळी पुरे. संप राहील, पण टोळ्या थांबल्या म्हणून थोरलीला घरी आठ दिवस मिळाले आणि ती शाळेच्या दारापर्यंत जाऊन आली, असा काहीतरी राहील. बिबट्या जाईल. मला माहितीय तो तुझा सगळ्यात भारी प्रसंग आहे, लिहिलायसही भारी, तरी जाईल. वेगळी कथा कर त्याची, दिवाळी अंकाला पाठव.

पिशवीच्या ऑपरेशनाचं काय करायचं हा अवघड भाग आहे आणि तो मी तुझ्यावर सोडते. ते थोरलीच्या वाट्याला येतं का? येत असेल तर तो प्रसंग बातमीतून आल्यासारखा येता कामा नये. तेराव्या वर्षी कोयता पुरा करायला नेलेली मुलगी, लवकर लग्न, लवकर बाळंतपणं, पाळीतही मोळ्या उचलायच्या, खाडा परवडत नाही, आणि मग कुणीतरी म्हणतं एकदाची काढूनच टाक कटकट. ही साखळी ओसरीवरच्या त्या बशीपासून सुरू होते हे वाचकाला तू सांगायचं नाहीस, त्याला ते आपोआप दिसायला पाहिजे. तसं जमत नसेल तर नको घालूस. फक्त गाजलेला विषय आहे म्हणून अजिबात नको.

सांगणारा कोण, याचाही विचार कर. आत्ता तू 'लेखक' म्हणून वरून सांगतोयस, सगळ्यांच्या मनातलं तुला कळतंय, म्हणून भाष्य करायचा मोह होतो. धाकट्याने सांगितलं तर? ज्याच्या शाळेसाठी हे झालं तोच सांगतोय, लहानपणी त्याला काहीच कळलेलं नाही, पाढे म्हणत होता, मोठेपणी हळूहळू कळत जातं. मग व्यवस्थेवर प्रवचन देणं त्याला जडच जाईल, कारण तो स्वतः त्या व्यवहारातला फायद्यातला माणूस आहे. किंवा थोरलीने सांगितलं तर? ते जास्त चांगलं होईल असं मला वाटतं, पण जास्त कठीण, आणि तिची भाषा तुला पूर्ण कादंबरीभर सांभाळावी लागेल, संवादात बीडची बोली आणि निवेदनात पाठ्यपुस्तक असं चालणार नाही. दोन्ही पद्धतीने ओसरीचा प्रसंग लिहून बघ. ज्यात तुला घाम फुटेल ती धर.

शेवटाबद्दल. गेटवरचं भाषण गेलं की पोकळी वाटेल, शेवट कुठं करायचा असं होईल. मोठा शेवट शोधू नकोस. प्रश्न भावंडांमधला आहे ना, मग शेवटही त्या दोघांमधलाच कुठलातरी व्यवहार असेल, पैशाचा असेल, भाचीच्या अॅडमिशनचा असेल, धाकटा काहीतरी परत द्यायला जातो आणि थोरली घेते किंवा घेत नाही. तिने घेतलं तर एक कादंबरी होते, नाही घेतलं तर दुसरी. कुठली खरी ते तुला लिहिताना कळेल, मला इथून कळत नाही.

आणि एक गोष्ट जी तू विचारली नाहीस. पत्रात तू लिहिलंयस की आईवडील तोडीला जायचे आणि तू आजीजवळ शिकलास. बहिणीचा उल्लेख पत्रात नाहीये, पण कादंबरीत आहे. तिथं खरी बहीण असेल, आणि मला वाटतंय असावी, तर आधी तिच्याकडे जा. परवानगीचा कागद करून घे असं म्हणत नाहीये मी, तसल्या कागदाने काही होत नाही. तिला सांग की मी हे लिहितोय, आणि तुला त्या दिवसाचं काय आठवतं ते मला सांग. कदाचित ती हसेल आणि म्हणेल मला शाळा आवडायचीच नाही, मग तुझी आख्खी मांडणी बदलेल, बदलू दे. कदाचित रागावेल, ते ऐकून घे, मधे समजावत बसू नकोस. ती नको म्हणाली तर गाव, नातं, वय, सगळं बदलून टाक इतकं की गल्लीतल्या माणसालाही बोट ठेवता येणार नाही, आणि तरीही ती नको म्हणाली तर तुझं तुला ठरवावं लागेल, त्यात मी पडणार नाही. पण तिला पुस्तक छापून आल्यावर दुसऱ्याकडून कळू देऊ नकोस एवढं नक्की.

बाकी छोट्या गोष्टी. 'भेगाळलेला' सर्च करून बघ आणि एक ठेव. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला तू जे सुविचार टाकलेत ते काढ, तुझेच आहेत की कुणाचे ते कळत नाही आणि कळायची गरजही नाही. प्रकाशकाला लगेच दुसरा ड्राफ्ट पाठवू नकोस, त्यांचा अभिप्राय आला म्हणजे दार बंद झालेलं नाही, पण अर्धवट पाठवलंस तर होईल. आधी फक्त ओसरीचा प्रसंग आणि त्याच्या पुढचे दोन दिवस, पंधरा-वीस पानांत, नव्याने लिही आणि त्याच मित्राला दे ज्याला रडू आलं होतं. त्याला काय कळलं ते विचारू नकोस, आई चुकली का एवढंच विचार. तो लगेच हो किंवा नाही म्हणाला तर प्रसंगावर अजून काम बाकी आहे. तुझ्याशी वाद घालायला लागला तर ती वीस पानं मला पाठव, पीडीएफ नको, वर्ड फाईल पाठव म्हणजे मला खुणा करता येतील.